कोणी लागत नाही

रामकृष्णपुरम, नवी दिल्ली
२० जानेवारी १९९८

ती. लताकाकूंना,

तुम्ही शिकवलेला मायना पूर्ण लिहायला बसले तर पान तिथेच भरेल. तेव्हा नमस्कार पोचला असं समजा.

तुमच्या भावाकडे येऊन तीन महिने होत आले. सकाळी श्यामकांतमामा मफलर गुंडाळून ऑफिसला निघतात आणि मी अर्जांची फाईल घेऊन. नेहरू प्लेस, कनॉट प्लेस, गुडगावच्या त्या नव्या काचेच्या इमारती, सगळीकडे एकच नाटक होतं. माझं नाव वाचून आणि तोंड बघून आधी हिंदीत हसून बोलतात. मग माझं फ्रेंच ऐकून खुर्ची पुढे करतात. मग पासपोर्ट बघतात. ‘मॉरिशस? पर आप तो इंडियन लगती हैं!’ जसं काही मीच त्यांना फसवलं. शेवटी ठरलेलं वाक्य येतं: विद्यार्थी व्हिसावर नोकरी देता येत नाही, कामाचा व्हिसा घेऊन या. तो व्हिसा कंपनीच्या पत्राशिवाय मिळत नाही आणि कंपनी व्हिसाशिवाय पत्र देत नाही. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, तसली गत आहे माझी.

माझा व्हिसा जुलैअखेर संपतो. आई ज्या स्वेटरच्या कारखान्यात आहे तिथे माणसं कमी करताहेत. तिच्या पत्रात आजकाल कामाबद्दल अवाक्षर नसतं, त्यावरून मी काय ते ओळखते. मी परत जाऊन करू काय? फ्रेंच तिथे भाजीवालीलाही येतं. इथे त्याला भाव आहे, फक्त तो मला कोणी द्यायला तयार नाही.

पण परवा एक गोष्ट झाली. मराठी मंडळाच्या तिळगूळ समारंभाला मामा मला घेऊन गेले. तिथे अविनाश पाटकर म्हणून भेटले. गुडगावच्या पुढे मानेसरला गाड्यांच्या ब्रेकचा कारखाना उभा राहतोय, भागीदार फ्रेंच आहेत. हे तिथे माणसं भरतीचं काम बघतात. फ्रान्सहून आलेल्या इंजिनिअरांचं बोलणं कामगारांना समजावून सांगणारं कोणी हवंय म्हणाले. मामांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, “ही आमची भाची, प्रज्ञा. पुण्याला होती, एम. ए. केलंय. फ्रेंच बिल्कुल पाण्यासारखं!”

काकू, पाच पिढ्यांपूर्वी राघोजी नावाचा कोणी एक माणूस रत्नागिरीकडून जहाजात चढला. तिकडे उतरल्यावर त्याचं नाव हेच आमचं आडनाव झालं. तेव्हापासून इथल्या कोणी आम्हाला ‘आमची’ म्हटलेलं मला तरी ठाऊक नाही. मला इतकं बरं वाटलं की मी नुसतीच हसत उभी राहिले.

मंगळवारी बोलावलं आहे.

तुमची
प्रज्ञा

—

कोथरूड, पुणे
३१ जानेवारी १९९८

चि. प्रज्ञा,

आशीर्वाद. पत्र वाचून आनंद झाला आणि लगेच काळजीही वाटली.

श्याम माझा धाकटा भाऊ, त्याला मी परकरातल्या वयापासून ओळखते. घरी दूध घालायला येणाऱ्यालाही तो ‘आमचा’ म्हणतो. मन मोठं आहे, पण ते मन सरकारी नोकरीत आहे आणि पुढच्या मार्चला निवृत्त व्हायचंय हे त्याच्या लक्षात राहत नाही. तू माझ्याकडे चार वर्षं भाड्याने राहिलीस. दर खेपेला तुला घेऊन पोलिसांकडे नोंदणीला कोण जात होतं? मी. घर बदललं की पत्ता कळवायचा, हे तुला तोंडपाठ आहे. दिल्लीत गेल्यावर कळवलास का? आणि त्या पाटकरांना पासपोर्ट दाखवलास का? दोन्हींची उत्तरं सरळ लिही.

दिल्लीच्या थंडीत केस ओले ठेवून बाहेर पडू नकोस. तुझ्या मामीला, चंद्रप्रभाला सांग तुझ्याकडून पोळ्या करून घ्यायला. गोल येत नाहीत म्हणून तुला सूट देऊ नये.

लताकाकू

—

रामकृष्णपुरम
८ मार्च १९९८

ती. लताकाकू,

नोकरी लागली! तीन आठवडे झाले, पण सकाळी धौला कुआँला कंपनीची बस आणि संध्याकाळी परत येईतो अंगात त्राण नसतं, म्हणून पत्राला उशीर झाला.

मानेसरला अजून सगळं उघडंबोडकं आहे. हायवेच्या कडेला मोहरीची शेतं, मध्येच एकदम पत्र्याची भलीमोठी शेड, आणि तिच्यात मस्यू दुपाँ. हे आमचे फ्रेंच साहेब. त्यांना इंग्रजी येत नाही आणि राग लवकर येतो. ते मशिनीपाशी उभे राहून जे बोलतात ते मी फोरमनला हिंदीत सांगते. बिहारकडचे कामगार आहेत, त्यांच्याशी भोजपुरीत बोलते. आमच्याकडे गल्लीत भोजपुरीच चालते. पहिल्या दिवशी मी तोंड उघडलं तर ते सगळे थक्क. “दीदी, छपरा के बानी का?” छपऱ्याची आहे का मी? मी हसून वेळ मारून नेली. साहेब शिव्या देतात तेव्हा मी सांगते, ‘साहेब म्हणतात, जरा जपून.’ त्यावर कामगार म्हणतात, इतनी लंबी बात का बस इतना ही?

पहिल्या पगारातून आईला पैसे पाठवले. मामींना साडी घेतली. मामांनी ऑफिसात पेढे वाटले, ‘भाचीला नोकरी लागली’ म्हणून.

कागदपत्रांचं सगळं मामा बघताहेत. तुम्ही काळजी करू नका.

प्रज्ञा

—

पुणे, १९ मार्च १९९८

चि. प्रज्ञा, मुद्दाम पोस्टकार्ड लिहिते आहे. श्यामने वाचलं तर वाचू दे. मी दोन प्रश्न विचारले होते. तू मोहरीची शेतं लिहिलीस, साहेबाच्या शिव्या लिहिल्यास, साडी लिहिलीस. उत्तरं कुठे आहेत? कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. — लताकाकू

—

रामकृष्णपुरम
२२ एप्रिल १९९८

ती. लताकाकू,

मला फ्रान्सला पाठवताहेत. दोन आठवड्यांचं प्रशिक्षण, येणं-जाणं कंपनीचं. आणि मी अंथरुणात नुसती कूस बदलत पडते.

तुमच्या पोस्टकार्डाला उत्तर दिलं नाही, कारण खरं लिहायची हिंमत नव्हती. आता लिहिते.

मी पासपोर्ट दाखवलेला नाही. रुजू झाले त्या दिवशी पाटकरसाहेबांनी माझी माहिती स्वतःच भरली. श्यामकांतरावांची भाची, अजून काय विचारायचं, असं म्हणत राष्ट्रीयत्व भारतीय लिहिलं आणि कायमचा पत्ता तुमचा, कोथरूडचा. कागद माझ्यापुढे सरकवला. मी वाचला आणि सही केली. चुकून नाही, वाचून केली. तीन महिने ज्या दारातून हाकललं गेलं होतं ते दार उघडं दिसलं आणि मी आत शिरले.

दिल्लीचा पत्ताही नोंदवलेला नाही. मी आल्या आल्या मामांना विचारलं होतं. ते म्हणाले, “अच्छा, म्हणजे घरच्या मुलीची आता पोलिसात वर्दी द्यायची? यार, लोक काय म्हणतील!” त्यांच्या मनात खरंच काही वाईट नव्हतं. मला त्या वाक्याचा इतका मोह पडला की मी पुन्हा विचारलंच नाही.

आता फ्रान्सच्या व्हिसासाठी पाटकरसाहेब रोज पासपोर्ट मागताहेत. इकडे मामी प्रवासासाठी बेसनाचे लाडू वळताहेत. मंडळातल्या कल्पनाताई सेंटची बाटली आणायला सांगून गेल्या. सगळे अभिनंदन करतात आणि मी खोटं हसून दाखवते. दाराची घंटा वाजली तरी दचकायला होतं.

मी पाटकरांना सांगितलंय की पासपोर्ट पुण्याला तुमच्याकडे राहिला. ते तुम्हाला फोन करतील. काकू, फक्त एवढंच म्हणा की शोधते आहे. तेवढ्यात मी काहीतरी करीन. काय करीन ते मला माहीत नाही.

मामांना अजून बोलले नाही.

प्रज्ञा

—

पुणे
२८ एप्रिल १९९८
(स्पीडपोस्टाने)

चि. प्रज्ञा,

फोनवर बोलले असते, पण तुमचा फोन दिवाणखान्यात आणि श्याम त्याच्याशेजारी पेपर घेऊन बसलेला. म्हणून पत्र.

पाटकरांचा फोन काल आला. सज्जन वाटले. ‘तुमच्या मुलीसारखीच आहे ती’ म्हणाले. मी शोधते आहे असं म्हटलं नाही. मी म्हटलं, पासपोर्टाबद्दल प्रज्ञा तुम्हाला सोमवारी स्वतः येऊन सांगेल. तुझ्यावर रागावून नाही केलं मी हे, पोरी. आज मी खोटं बोलले असते तर उद्या तुला दुसरं बोलावं लागलं असतं आणि परवा श्यामला तिसरं. तुला पळवाट ठेवली नाही मी. हवं तर माझ्यावर राग धर.

आता नीट ऐक. आधी श्यामला सांग, आजच. मग सोमवारी पाटकरांना. मग नोंदणीच्या ऑफिसात स्वतःच्या पायांनी जा, कोणी बोलवायच्या आत. आपण होऊन गेलेल्याला रागावतात, धरून आणलेल्याला सोडत नाहीत.

श्यामचं मला जास्त भय वाटतं. सरकारी क्वार्टरमध्ये परदेशी मुलगी, न कळवता. भाची असती तर गोष्ट वेगळी. भाची नाही म्हटलं की पहिला संशय, खोली भाड्याने दिली होती का? त्याचं पेन्शन आहे, चंद्रप्रभाचं औषध आहे. हे तुला घाबरवायला लिहीत नाही, पण तुला ठाऊक हवं.

माझी शेजारीण म्हणते, एखाद्या मुलाशी लग्न लावून द्या, सगळे प्रश्न सुटतात. मी म्हटलं, म्हणजे व्हिसाला नवरा जोडपत्र का? ती दोन दिवस बोलत नाहीये.

धीर धर. मला फार काळजी वाटते आहे, हे लपवत नाही.

लताकाकू

—

रामकृष्णपुरम
२५ मे १९९८

ती. लताकाकू,

राग धरला होता, चार दिवस. आता नाही.

मामांना सांगितलं तेव्हा ते आंबा चिरत होते. सगळं ऐकून घेतलं, सुरी खाली ठेवली आणि म्हणाले, “चलो, बघू या.” बस. मामीच रडल्या.

पाटकरसाहेब मात्र फार चिडले. “मी श्यामकांतरावांच्या शब्दावर भरती केली! माझी नोकरी जाईल!” त्यांचं खरं होतं. मला तडक दुपाँसाहेबांपुढे उभं केलं. मी त्यांना सगळं फ्रेंचमध्ये सांगितलं. पहिल्यांदाच माझंच बोलणं, दुसऱ्याचं नाही. ते म्हणाले, मीही इथे परदेशीच आहे, माझा व्हिसा कंपनीने काढला, तुझा का नाही? या देशात माझं बोलणं तीन भाषांत समजावून सांगणारं दुसरं कोणी मिळणार आहे का? पत्र द्यायला तयार झाले. अट एकच. आजपासून काम बंद, मी मॉरिशसला परत जायचं, तिथून कामाच्या व्हिसाचा अर्ज करायचा. मिळाला तर ये, नाही तर नाही.

मग नोंदणीचं ऑफिस. मामांनी रजा काढली आणि माझ्याबरोबर आले. येऊ नका म्हणून मी विनवलं, ऐकलं नाही. तिथल्या अधिकाऱ्याने माझा पासपोर्ट उलटसुलट बघितला. “राघोजी तो नाम हुआ, सरनेम क्या है?” मग मामांकडे वळून विचारलं, “ये आपकी कौन लगती हैं?”

मामांचे ओठ हलले. काकू, मला दिसलं की ते ‘भाची’ म्हणणार होते. सवयीने. मीच घाईने म्हटलं, “कोई नहीं, सर. मेहमान हूँ.”

अधिकारी म्हणाला, लिहून द्या. मामांनी लिहून दिलं. प्रज्ञा राघोजी ही परदेशी नागरिक माझी कोणी लागत नाही. बहिणीकडे शिकायला राहत होती, त्या ओळखीने माझ्या घरी पाहुणी म्हणून राहिली, तिच्याकडून भाडं घेतलेलं नाही. आयुष्यभर ऑफिसात मसुदे लिहिलेला माणूस, पण त्या चार ओळींसाठी तीन कागद फाडले. सही करताना माझ्याकडे पाहिलं नाही. परत येताना बसमध्ये खिडकीकडे तोंड करून बसले. घरी येऊन जेवले नाहीत. मामी म्हणाल्या, अहो, दोन घास तरी. तर म्हणाले, भूक मेली.

मला दंड झाला आणि देश सोडायची परवानगी मिळाली. खरी शिक्षा मामांना झाली आहे. त्यांच्या ऑफिसने खुलासा मागितलाय, क्वार्टरमध्ये कोण कोण राहतं याचा. चौकशी सूर्यकांत भिडे म्हणून आहेत त्यांच्याकडे गेली. ते मंडळातलेच, पण नियमाच्या बाबतीत बापाचीही गय करणार नाहीत असं मामी सांगतात.

परवा माझं विमान. मामींनी तेच लाडू डब्यात भरलेत.

प्रज्ञा

—

पुणे
४ जुलै १९९८

चि. प्रज्ञा,

तू पोचल्याचं पत्र मिळालं. आईला कामावरून कमी केलं हे वाचून वाईट वाटलं. आता घर तुझ्यावर आलं, आणि तुझा व्हिसा साहेब लोकांच्या टेबलावर. रोज टपालाची वाट बघत दारात उभी राहत असशील. मी इथे तेच करते.

तू श्यामबद्दल विचारलंस. खरं लिहू? गेल्या दोन फोनांत त्याने तुझं नाव घेतलं नाही. मी काढलं तर म्हणाला, ताई, फोनवर नको. त्याला वाटतं कोणीतरी ऐकतंय. साठीला आलेला माणूस, कधी कुणाच्या एका पैशाला शिवला नाही, तो आता दाराबाहेर पाऊल वाजलं तरी टीव्हीचा आवाज बारीक करतो म्हणे. चंद्रप्रभाने सांगितलं. खुलासा दिलाय, निर्णय नाही.

तुला दोष देत नाही. त्यालाही देत नाही. माया केली त्याने, पण ती माया कुठल्या रकान्यात बसते हे विचारायचं राहिलं.

व्हिसा मिळाला की तार कर.

लताकाकू

—

गुडगाव
३१ ऑगस्ट १९९८

ती. लताकाकू,

तार मिळाली असेलच. व्हिसा आला, मी आले, कामावर रुजू झाले. आता सगळं नियमात आहे. गुडगावात एका नव्या सोसायटीत दोन मुलींबरोबर खोली घेतली. दुसऱ्याच दिवशी नोंदणी केली. आईला पैसे सुरू झाले. पाटकरसाहेब मला ‘मॅडम’ म्हणतात आणि प्रत्येक कागदाच्या दोन प्रती ठेवतात.

रामकृष्णपुरमला गेले नाही. मामींनी माझ्या ऑफिसात फोन करून सांगितलं, हे निवृत्त होईपर्यंत घरी येऊ नकोस गं, चौकशी अजून मिटलेली नाही. हे सांगताना त्यांचा आवाज चोरटा होता. मी ‘हो मामी’ म्हटलं. दुसरं काय म्हणणार?

पण मंडळाच्या गणपतीला मी गेले. सार्वजनिक आहे, तिथे कोणीही जाऊ शकतं, असं मनाशी म्हणत गेले. खरं म्हणजे त्यांना बघायला गेले.

आरती झाल्यावर मामा प्रसाद वाटत उभे होते. बारीक झालेत, काकू. मला बघून त्यांचा चेहरा असा उजळला की मी पायांना हात लावायला वाकणारच होते. तेवढ्यात त्यांच्या शेजारचे गृहस्थ वळले. चष्मा, हातात आरतीचं ताट. सूर्यकांत भिडे. त्यांनी माझ्याकडे बघून सहज विचारलं, “ह्या कोण, श्यामकांतराव?”

पुढे रांग थांबली होती. मागून कोणीतरी ‘चला, चला’ म्हणत होतं. मामांनी एकदा माझ्याकडे बघितलं, एकदा भिड्यांकडे.

“ह्या होय? मानेसरच्या कारखान्यात काम करतात. अविनाशरावांच्या ओळखीच्या.” आणि मला म्हणाले, “या, मॅडम. प्रसाद घ्या.”

माझ्या हातावर ठेवताना त्यांच्या हातून शिरा सांडला.

मला नोकरी हवी होती, ती मिळाली. इथे राहायचं होतं, राहते आहे. घरी आल्यापासून मी रडते आहे आणि त्यांच्यावर मला जराही राग येत नाही, हे तुम्हाला खरंच सांगते. त्या क्षणी मला एवढंच कळत होतं की या माणसाला वाचवायचं.

मी प्रसाद घेतला, हात जोडले, आणि मामांनाच म्हटलं, “धन्यवाद. आपल्याला भेटून आनंद झाला. आपलं नाव?”

त्यांनी नाव सांगितलं, काकू. पूर्ण, आडनावासकट.

तुमची
प्रज्ञा